लाईनमनचं म्हणणं

वकिलीची सनद घरात असताना पेपरात नोकरी मागायला जाणारी पोरगी अख्ख्या मुकुंदवाडीत एकच निघाली, आणि ती निघाली कडुबाच्या घरात. कडुबा जिल्हा न्यायालयात शिपाई. कोर्टाच्या दाराशी उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्याचं काम. आवाज असा खणखणीत, की खाली टपरीवर चहा पिणारा माणूस अर्धा कप टाकून जिना चढायचा. पोरीनं काळा कोट घालून आपल्याच दारातून आत जावं आणि तिच्या केसचा पुकारा आपण करावा, एवढीच त्याची हौस. राजनंदिनी एलएल.बी. झाली, सनद मिळाली, कोटही शिवून आला. सहा महिन्यांनी तो कोट कपाटात गेला आणि ती शहागंजातल्या एका दैनिकात बातमीदार झाली. कडुबा आठ दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

आता याला कारण कडुबाच होता, हे त्याला कोण सांगणार? कॉलेजात असताना ती सुट्टीत त्याच्यासोबत कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायची. सकाळी एक वकील बोलायचा तेव्हा बातमीदार मंडळी हजर. दुपारी दुसरा वकील उभा राहीपर्यंत मंडळी पांगलेली. दुसऱ्या दिवशी पेपरात सकाळचं तेवढं छापून यायचं, आणि दुपारच्या माणसाकडं गाव बघायचं ते गुन्हेगार म्हणूनच. राजनंदिनीचं डोकं तिथं फिरलं. कोर्टात दुसऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देत नाहीत, मग पेपरात का देतात, एवढाच तिचा सवाल. हा सवाल वकील होऊन सुटणार नाही, असं तिला वाटलं.

नोकरीला लागताना तिनं बापाचं एकच वाक्य सोबत नेलं. "एकदा पुकारलं अन् माणूस आला नाय, म्हणजे पळाला असं नसतंय," कडुबा म्हणायचा. "कुणी जिन्यात असतो, कुणी वकील हुडकत असतो. तीनदा पुकारावं लागतंय."

पेपरात मात्र याच्या उलट. एक फोन लावायचा, दोन रिंगा ऐकायच्या आणि बातमीच्या शेवटी 'संपर्क होऊ शकला नाही' असं ठोकून द्यायचं. कधी कधी तर तेवढाही फोन लावायचे कष्ट नाहीत. राजनंदिनी तीनदा फोन करायची, आणि तिसऱ्यांदाही उचलला नाही तर गाडीला किक मारून माणसाच्या दारात जायची. त्यात दोनदा तिची बातमी एक दिवस मागं पडली. संपादक वैजनाथराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर मालक होता. दुसऱ्या वेळी त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, "बाई, तिसऱ्यांदा असं झालं तर कपाटातला तो कोट बाहेर काढायचा."

आणि तिसरी वेळ गेल्या उन्हाळ्यात आलीच.

पुंडलिकनगरातल्या एका गल्लीतून सकाळी सकाळी व्हिडिओ फिरायला लागला. पाणी सोडणारा लाईनमन सखाराम लोखंडी चावीनं दुसऱ्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडतोय, आणि पाळी असलेली तिसरी गल्ली कोरडीठाक. व्हिडिओ काढणारा गोकुळ मागून ओरडतोय की आमचं पाणी विकलं यानं. ज्या शहरात नळ आठ-दहा दिवसांतून एकदा येतो, तिथं याहून मोठा गुन्हा तो कोणता? दहा वाजेपर्यंत व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर, आणि सखारामाच्या सात पिढ्यांचा उद्धार झालेला.

अकराला राजनंदिनीनं सखारामाला फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. एकला लावला, तेच. अडीचला लावला, तर बंद. वैजनाथरावांनी घड्याळ दाखवलं. सातला पान लागणार होतं, व्हिडिओ समोर होता, सगळे पेपर छापणार होते, मग अडलं कुठं? ती म्हणाली, घरी जाऊन येते. त्यांनी कपाळाला हात लावला.

भर उन्हात ती हर्सूलला सखारामाचं घर शोधत गेली. दारात त्याची बायको चंपाबाई रडून रडून डोळे सुजलेली. तिनंही व्हिडिओ बघितला होता. नवरा पहाटेच गेला, तो पुंडलिकनगरातच असणार, यापलीकडं तिला काही ठाऊक नव्हतं. राजनंदिनी आली तशी उलटी फिरली. अर्धं शहर दोनदा ओलांडलं म्हणा ना! आणि शेवटी सखाराम सापडला तो तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी, एका खड्ड्यात, गुडघाभर चिखलात. फोन डब्याच्या पिशवीत, पिशवी गाडीच्या डिकीत. जग आपल्याला चोर म्हणतंय याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही.

तिनं व्हिडिओ दाखवला. त्यानं तो दोनदा बघितला, मग खड्ड्याच्या काठावरची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

"ताई, याचा वास घ्या आधी," तो म्हणाला. "हे पाणी मी या लोकायला पाजू का?"

तिनं झाकण काढलं आणि बाटली झटकन नाकापासून लांब धरली. गल्लीच्या तोंडाशी एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथं खोदताना ड्रेनेज आणि नळाचा पाईप दोन्ही फुटले होते आणि घाण पाणी नळात मिसळत होतं. सखारामानं पहाटे तो वास ओळखला आणि तिसरी गल्ली बंद केली. आलेलं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून ते दुसरीकडं सोडलं, आणि तेव्हापासून तो पाईप जोडत होता.

दुसऱ्या कुणा बातमीदाराला एवढ्यावर हिरो मिळाला असता. राजनंदिनीनं विचारलं, गल्लीत सांगितलं होतं का? तोंडाशी दोन घरांना सांगितलं, तो म्हणाला. आणि शेवटच्या घरांना? सखाराम मान खाली घालून म्हणाला, गडबडीत राहिलं. तिनं तेही लिहून घेतलं. ती तोंडाशी असलेल्या त्या दोन घरांत गेली. शेवटच्या घरात गोकुळकडं गेली, तर तो दहा दिवस कोरड्या नळाकडं बघून पिसाळलेला, घरात दोन लहान लेकरं, आणि त्याला खरंच कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याचंही चुकलं म्हणायला तिची जीभ रेटेना. मग सखारामाच्या साहेबाला फोन, तर तो म्हणाला, चौकशीशिवाय काही सांगता येत नाही. हे सगळं होईतो सात वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत सखारामाचा फोटो, हातात चावी. फक्त एका पेपरात नाही. कंत्राटावरचा माणूस तो, चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणून त्याला निरोप गेला. वैजनाथराव एवढंच म्हणाले, "उद्या छापू तुझी बातमी. मग बोलू." त्या 'मग बोलू'नं राजनंदिनीला कपाटातला कोट दिसायला लागला.

बातमी तिसऱ्या पानावर आली. पाईप कसा फुटला ते होतं, बाटलीतलं पाणी होतं, गोकुळचे दहा दिवस होते, आणि लाईनमननं गल्लीच्या शेवटच्या घरांना कळवलं नाही हेही सरळ लिहिलेलं होतं. छापून आल्यावर तिला तेच वाक्य टोचायला लागलं. माणूस आधीच घरी बसलाय, त्यात आपण अजून एक खडा टाकला, असं वाटून ती सकाळभर अस्वस्थ होती. अकराला वैजनाथरावांनी केबिनमध्ये बोलावलं. ती जाऊन उभी राहिली, तोच तिचा फोन वाजला. स्क्रीनवर सखारामाचं नाव. आता हाही शिव्या घालणार, म्हणून तिनं फोन कट करायला बोट नेलं, पण वैजनाथरावांनी उचल म्हणून खूण केली. रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून बोलायची सवय झालेला माणूस तो, त्याचा आवाज केबिनभर ऐकू येत होता.

"ताई, कामावर घेतलं मला. पण माझी चूक बी छापली तुम्ही."

"छापली, सखारामभाऊ. तुम्हीच सांगितली होती."

"व्हय, खरीच हाय ती. साहेब म्हणले, याची चूक झाकली नाय म्हणजे बाकीचं बी खरं असणार. तेवढ्यावर घेतलं बघा. त्यो गोकुळ बी येऊन गेला घरी."

राजनंदिनीला हसू आलं. फोन ठेवला तरी ती तशीच उभी. वैजनाथराव समोरच्या कागदात काहीतरी शोधल्यासारखं करत राहिले, आणि मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "उद्याच्या अंकाला काय देतेस?"

तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. बस म्हणायची वाट न बघता ती खुर्चीत बसली.