कुलपाचे खण

दादाचं डोकं पहिल्यांदा फुटलं ते माझ्या दप्तरापायी. मी आठवीत होते, दादा दहावीत. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातल्या तीन मुलांनी माझं दप्तर उचललं, एकमेकांकडे फेकलं आणि शेवटी विहिरीच्या कठड्यावरून खाली लोंबकळत धरलं. मी रडत उभी होते. दादा मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आला आणि काही न विचारता त्यातल्या एकाच्या पोटात डोकं घातलं. दुसऱ्यानं हातातला पितळी डबा त्याच्या कपाळावर हाणला. डब्याचं झाकण उघडलं आणि भात नि रक्त एकत्रच त्याच्या गालावरून ओघळलं. दप्तर मात्र वाचलं. दादानं ते माझ्या गळ्यात अडकवलं आणि घरी आयला यातलं काही सांगायचं नाही, असं बजावलं.

शाळेचं नाव सांगत नाही. बोईसरच्या बाजूला होती एवढं पुरे. त्या वर्षांत तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम चाललं होतं आणि सातारा, सांगली, सोलापूरकडची माणसं कामाला येऊन सरावलीच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहू लागली होती. त्यांची मुलं आमच्या शाळेत आली. वर्ग तेवढेच राहिले, मुलं दुप्पट झाली. आम्ही त्यांना घाटी म्हणायचो, ते आम्हाला सुकटबोंबील म्हणायचे. भांडायला एवढं पुरत होतं, पण मारामारीला रोज काहीतरी निमित्त लागतं, आणि ते निमित्त म्हणजे दप्तरं.

चित्रकला, विज्ञान, शिवण, कवायत, असा तास बदलला की वर्ग बदलायचा. खोल्या कमी असल्यामुळे जाताना दप्तरं व्हरांड्यात टाकून जायचा नियम होता. त्यामुळे दिवसभर व्हरांड्यात दप्तरांचा ढीग पडलेला असे. आम्ही कोळ्यांची मुलं मुरब्याहून चालत यायचो. विसरलेलं काही घरी जाऊन आणणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळंच पाठीवर असायचं. सगळ्या विषयांची पुस्तकं, कवायतीचे कपडे, पावसाळ्यात एक कोरडा जोड, भाकरी आणि जवळ्याच्या चटणीचा डबा. तास संपवून परत यावं तर कुणाच्या पुस्तकांवर शाई ओतलेली, कुणाच्या वहीची पानं फाडून चिखलात तुडवलेली. माझ्या डब्यात एकदा वाळू निघाली. मासवणच्या एका मुलाच्या मांडीत कुणीतरी कंपासपेटीतलं कर्कटक खुपसलं, कारण त्यानं आपलं दप्तर ढिगातून ओढताना दुसऱ्याचं खाली पाडलं होतं. ते टोक मांडीत रुतून बसलेलं मी पाहिलं. तो नुसता त्याकडे बघत राहिला.

कवायतीचे मास्तर शिस्तीचे प्रमुख होते. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या. त्यांना कोळी आणि घाटी दोन्ही सारखेच होते. ते दोघांनाही बडवायचे. काही हरवलं की ते सगळ्या वर्गाला उभं करायचे आणि कुणीच पुढे आलं नाही तर पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाच्या हातावर वेत मारत जायचे. मुलींनाही. वेत हवेत असताना त्याचा जो आवाज व्हायचा, तो मला अजून नको वाटतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतल्या एका मुलाचे पांढरे कॅनव्हासचे बूट ढिगातून नाहीसे झाले. त्याचे वडील प्रकल्पावर सुतार होते, साताऱ्याकडचे. बूट नवे होते आणि त्या मुलानं रडून वर्ग डोक्यावर घेतला. मास्तरांनी सगळी दप्तरं मैदानात आणून एकेक करून पालथी केली. दादाच्या दप्तरातून पुस्तकांबरोबर एक छोटी सुरी पडली. शाळा सुटली की दादा थेट बंदरावर जाळी सांधायला बसायचा, त्यासाठी ती होती. त्यानं तसं सांगितलंही. पण मास्तरांना सुरी दिसली आणि बाकीचं काही ऐकू येईनासं झालं. त्यांनी दादाला झेंड्याच्या खांबापाशी उभं केलं आणि वेत काढला. आधी पाठीवर, मग पायांवर. दादा पडला नाही म्हणून जास्त चिडले असावेत. त्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला, तेव्हा वेत उलटा धरून मुठीकडची जाड बाजू त्यांनी त्या हातावर घातली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

बूट दुसऱ्या दिवशी कौलांवर सापडले. कुणीतरी गंमत म्हणून वर भिरकावले होते.

दादाचं मनगट मोडलं होतं. आयनं हळद-चुना लावून गावातल्या हाडवैद्याकडे नेलं. त्यानं हात ओढून बसवला तेव्हा दादानं आयच्या खांद्याला चावा घेतला, इतका की तिच्या चोळीवर रक्त आलं. बाबा होडी घेऊन समुद्रावर होते. ते परत आले, दादाचा बांधलेला हात पाहिला, आणि ताटावर न बसताच बाहेर गेले. सकाळी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा बाबा आणि त्यांच्या होडीवरची माणसं आमच्या मागोमाग येत होती. दोघातिघांच्या हातात वल्ही होती.

बाबा कमी बोलणारे. मास्तर प्रार्थनेसाठी मुलांना रांगेत उभं करत होते. बाबा सरळ त्यांच्यासमोर गेले.

"माझ्या पोराचा हात तुमीच मोडला?"

मास्तर म्हणाले, "शाळेत सुरी आणली होती त्यानं."

बाबांनी त्यांच्या तोंडावर मारलं. हात उघडा होता, पण तो जाळं ओढणारा हात होता. मास्तर रांगेतल्या पोरांवर कोसळले. मग होडीवरची माणसं पुढे झाली. कुणीतरी सरावलीकडे धावत जाऊन सांगितलं की कोळी शाळेत घुसून पोरांना मारताहेत. तसं काही नव्हतं, पण तिकडची माणसं आली ती लोखंडी सळया घेऊनच आली. मुलींना शिवणाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली होती. मी खिडकीचे गज धरून उभी होते. मी पाहिलं ते असं. एक वल्हं एका माणसाच्या कानावर बसलं आणि कान अर्धा सुटून लोंबायला लागला. तो बूटवाल्या मुलाचा बाप होता. एक सळई बाबांच्या खांद्यावर पडली आणि बाबा एका गुडघ्यावर बसले. मग दोन्हीकडून दगड सुरू झाले. आमचे हेडमास्तर, साठीला टेकलेला, धोतर नेसणारा माणूस, दोन्ही हात पसरून मधोमध येऊन उभे राहिले. एक दगड त्यांच्या डाव्या डोळ्यावर लागला. ते खाली बसले. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत वाहत आलं आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही लाल झाली. दगड कुणाचा होता हे कधीच कळलं नाही. पण त्यानंतर कुणी दगड उचलला नाही.

पोलीस आले, दोन्हीकडच्या माणसांना घेऊन गेले, संध्याकाळी सोडलं. आठवड्यानं हेडमास्तरांनी पालकांची सभा बोलावली. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. बाबा गळ्यात हात बांधून बसले होते, पलीकडे सुतार कानाला फडकं गुंडाळून. मी आयच्या शेजारी होते. हेडमास्तर म्हणाले की शाळेत प्रत्येक मुलाला स्वतःचा खण द्यायचा, दाराचा, कडीकुलपाचा, आणि व्हरांड्यातला ढीग उद्यापासून बंद. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या एका मोठ्या माणसानं हरकत घेतली. शाळा म्हणजे काही धर्मशाळा नाही, मुलांच्या हाती कुलपं दिली की आपणच त्यांना चोर ठरवल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं. कवायतीचे मास्तरही म्हणाले की कुलपामागे मुलं काय काय लपवतील याचा नेम नाही.

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "कुलूप नाही म्हणूनच आज सगळी चोर ठरलीत. माझा एक डोळा गेलाय. आता मला पटवायला येऊ नका."

लाकूड कुठून आणायचं असा प्रश्न निघाला तेव्हा सुतार उभा राहिला. प्रकल्पावर यंत्रं परदेशातून मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून यायची आणि ती खोकी मोडून भंगारात जायची. लाकूड आणून द्या, कपाटं मी करतो, एवढंच तो बोलला. भंगारवाल्याकडून फळ्या आणायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. खांदा बरा नव्हता, पण बैलगाडी घेऊन तेच गेले. नंतरचे कित्येक रविवार बाबा फळ्या धरायचे आणि सुतार करवत चालवायचा. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकदा खिळा हवा होता तेव्हा सुतारानं हात पुढे केला आणि बाबांनी त्यावर खिळा ठेवला. तेवढंच.

कपाटं व्हरांड्याच्या भिंतीला लागून उभी राहिली. खण बेताचा, दप्तर आणि कपड्यांचा जोड मावेल एवढा. फळ्यांवर परदेशी अक्षरं काळ्या रंगात तशीच होती आणि त्यांना राळेचा वास यायचा. माझ्या खणाच्या दारावर एक बाण होता, वर टोक असलेला. मी दाराला लहानसं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. तोवर माझ्या आयुष्यात घरातही माझं म्हणून बंद होणारं काही नव्हतं. पहिले काही दिवस मी तासातासाला जाऊन उगाच उघडून बघायचे. पुस्तकं तिथेच असायची.

मारामाऱ्या बंद झाल्या नाहीत, पण त्यांचं रोजचं निमित्त गेलं. मुरब्याची मुलं आणि सरावलीची मुलं एकाच कपाटापाशी वाकून कुलपं उघडायची, त्यात कधीकधी बोलणंही व्हायचं. बूटवाला मुलगा आणि दादा यांचे खण शेजारी आले. दादाचा हात बरा झाला तरी मनगट वाकडंच राहिलं होतं. त्या मुलानं बापाकडून फळीचा एक ठोकळा आणून त्याला दिला. दादा मधल्या सुट्टीत त्यातून होडी कोरायला लागला. डोलकाठी, सुकाणू, सगळं. मुलगा बसून बघायचा. होडी खणात राहायची.

पावसाळ्याआधी हेडमास्तर डोळ्याच्या उपचारासाठी मुंबईला गेले आणि शाळा कवायतीच्या मास्तरांच्या ताब्यात आली. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली ऑफिसात जमा करायची. बहुतेकांनी दिली. मीही दिली. दादानं दिली नाही. त्याला बोलावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या खणात माझंच हाय. तुमच्या समोर उघडून दाखवतो. किल्ली नाय देणार."

मला वाटलं, दाखवतो म्हणतोय तर बघतील आणि सोडतील. मास्तर पहार घेऊन आले. शिपाई मागे होता. त्यांनी कुलपात पहारेचं टोक घातलं आणि दार कडीसकट उपटलं. आत पुस्तकं, कपडे, डबा आणि ती होडी. मास्तरांनी होडी बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि शाळेत सुरी अजून येते तर, असं म्हणून जमिनीवर टाकून बुटानं दाबली. कोरलेलं लाकूड पातळ होतं. ते लगेच फुटलं.

दादानं भिंतीला टेकवलेली पहार उचलली. मी त्याच्या मागेच होते. मी त्याचा सदरा धरला होता आणि तो माझ्या हातातून सुटला हे मला कळलंसुद्धा नाही. त्यानं पहार मास्तरांच्या गुडघ्यावर मारली. मग पुन्हा, त्याच गुडघ्यावर. मास्तर पडले आणि ज्या आवाजात ओरडले तो आवाज आम्ही कुणी त्यांच्याकडून ऐकला नव्हता. दादानं तिसऱ्यांदा पहार उचलली तेव्हा बूटवाल्या मुलानं त्याला मागून कमरेला मिठी मारली. दोघंही जमिनीवर पडले. शिपायानं दोघांनाही लाथा घातल्या. त्या मुलाची एक बरगडी मोडली.

दादाला शाळेतून काढलं. पोलीसठाण्यात बाबांना खूप विनवण्या कराव्या लागल्या. वय पाहून प्रकरण तिथंच मिटवलं गेलं. मास्तर काही महिन्यांनी परत आले ते पाय ओढत. त्यांनी मला पुढे कधीच मारलं नाही. रांगेत माझ्यापुढून जाताना ते दुसरीकडे बघायचे.

हेडमास्तर मुंबईहून परत आले, गेलेला डोळा काही आला नाही. आल्या आल्या त्यांनी ऑफिसातल्या किल्ल्या टेबलावर ओतल्या आणि आम्हाला एकेकाला बोलावून आपापली किल्ली उचलायला सांगितली. मग ते चालत मुरब्याला आले. आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी बाबांना सांगितलं की मुलाला परत पाठवा, संस्थेशी मी बोलतो, मॅट्रिक होऊ द्या त्याला. आयनं चहा केला. बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा जाळ्याच्या गाठी मारत होता. वाकड्या मनगटानं गाठ मारायला त्याला वेळ लागायचा.

"सर, नाय येत मी," तो म्हणाला. "तिथं मास्तर हाय. मला परत दिसला तर मी परत मारीन."

हेडमास्तरांनी चहा संपवला. त्यांनी दादाला दुसऱ्यांदा विचारलं नाही. दादा त्याच पावसाळ्यानंतर होडीवर गेला आणि मी शाळेत राहिले. पुढे मीही माध्यमिक शाळेत शिकवलं. मुलांना कपाटं द्यावीत का, हा प्रश्न शिक्षकांच्या सभेत निघाला की खर्च, जागा, सवयी यांवर खूप बोललं जायचं. मी दर वेळी द्यावीत म्हणून हात वर केला. दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची, असं कुणी विचारलं की मी उभी राहून सांगायचे की कुणाकडेच नाही. हे इतक्या मोठ्या आवाजात का बोलते, असं शेजारी बसलेल्या बाई एकदा मला म्हणाल्या. मी हात वरच ठेवला.