विन आणि वाइंडिंग

जळक्या वार्निशचा वास आला की चाकणच्या कंपनीतली ती सकाळ आठवते. क्रेनची मोटर तारांवरच्या वार्निशसकट जळाली, लोखंडी साचा निसटला आणि आमच्या फिटरचा पाय त्याखाली चेचला. “साहेब, मोटरच्या तारांचं वाइंडिंग तापतंय म्हणून मेल केली व्हती की!” तो किंचाळत होता. मेल स्पॅममध्ये सापडली, लॉटरीवाल्या मेलच्या गर्दीत. रक्ताळल्या हातांनी मी आयटीवाल्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. तो रडत म्हणाला, “लॉटरीच्या मेल अडवायला रेजेक्स, म्हणजे अक्षरं जुळवून मेल गाळणारा नियम, लिहिला होता, भाऊ. ‘विन’ची तीन इंग्रजी अक्षरं दिसली की स्पॅम. वाइंडिंगची सुरुवातही तीच, हे ध्यानातच आलं नाही!” “अरे, शब्द कुठं संपतो ते तरी बघायचं!” म्हणत मी त्याचं नाक फोडलं. आज सकाळी फिल्टरमधून सुटून एक मेल आली: ‘अभिनंदन, यू विन!’ माझी मूठ आपोआप वळली.