चुरगळलेलं पान

आत्माराम बागवाल्याला गोष्ट यायची ती एकच. प्रत्येक सणाला देवळाच्या ओट्यावर बसून, डोळे अर्धे मिटून तो ती सांगायचा. एक आंधळी म्हातारी रोज देवाला दूध घेऊन जाई. एकदा वाट चुकली. एका टवाळाला तिनं वाट विचारली, त्यानं तिला मुद्दाम विहिरीकडे धाडलं. म्हातारी विश्वासानं निघाली, तर देव आपलं देऊळ सोडून विहिरीच्या काठाशी येऊन उभा राहिला! "बगा," आत्माराम म्हणायचा, "इस्वास ठेवणाऱ्याचं वायट व्हत नाय." की जयगडच्या वाटेवरचं ते अख्खं गाव माना डोलवायचं. मान डोलवायला कुठे कष्ट पडतात!

गोदाही डोलवायची. आत्माराम तिचा चुलत दीर. तिचा नवरा दादू जयगडच्या गलबतावर खलाशी होता, तो समुद्रात बुडाला आणि गोदाच्या वाट्याला कातळाचा एक तुकडा तेवढा राहिला. "वैनी, आमच्याकडं ऱ्हावा. दोन येळचं जेवण हाय," आत्माराम म्हणाला होता. म्हणजे भांडी घासा, गोठा काढा आणि मागल्या दारी पान वाढून घ्या. गोदाला ते नको होतं. आपल्या कातळावर हापूसची सहा झाडं लावायची आणि त्यांच्यावर जगायचं, कुणाच्या मागल्या दारी बसायचं नाही, एवढंच तिला हवं होतं.

गावात हापूसचं झाड एकच, तेही आत्मारामच्या अंगणात. एकोणीसशे पंचवीसच्या पावसाळ्यात तिनं आंब्याच्या बाठी, म्हणजे कोयी, रुजवलेल्या सहा कुंड्या त्याच्याकडे नेऊन ठेवल्या. तेव्हाची रीतच तशी होती. रोपाची कुंडी मूळ झाडाच्या फांदीशी टेकवून बांधायची, दोन्ही साली जुळल्या की फांदी कापायची. दसऱ्याला तो म्हणाला, "घ्या वैनी, कलमां तयार." कलम हापूसचं की नाही ते पान चुरगळून वासावर कळतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण देणाऱ्याच्या तोंडावर पान चुरगळायचं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं. घरच्या माणसासमोर तर कुणी तसं करतच नसे. गोदानंही केलं नाही. उलट वाकून नमस्कार केला.

कातळ फोडून खड्डे, टोपल्यांनी वाहिलेली माती, सात उन्हाळे डोक्यावरून आणलेलं पाणी. दुसऱ्या वर्षी एकटी असताना तिनं एक पान चुरगळून नाकाशी धरलंही होतं. हापूसचा वास आला नाही. शेणात हात घालणाऱ्या बाईचं नाक ते, त्याला काय कळणार, असं म्हणून तिनं ते पान फेकून दिलं. आत्मारामवर संशय घेण्यापेक्षा तिला स्वतःच्या नाकावर घेणं सोपं वाटलं. या बावळटपणाचा राग तिला पुढे जन्मभर येत राहिला.

सातव्या वर्षी आंबे लागले. वीतभर कोय, दोऱ्यासारखे केस आणि दात आंबवणारा रस. आत्मारामच्या गोठ्यामागं जो रायवळ आहे, ज्याचा आंबा गुरंही हुंगून सोडतात, त्याचाच हा आंबा. अंगणातलं झाड सोडून तिच्या कुंड्या त्यानं तिकडे बांधल्या होत्या. का? तर गावात हापूस एकाचाच असावा. एवढ्याशा फुशारकीपायी त्या माणसानं एका बाईची सात वर्षं नासवली, आणि त्या सात वर्षांत दर सणाला ती गोष्ट सांगितली!

अक्षय्य तृतीयेला ओट्यावर गोष्ट पुन्हा विहिरीपाशी आली. माना डोलू लागल्या. गोदा पदरात आंबे घेऊन उठली.

"भावजी, त्या वाट दावणाऱ्याचा काय झाला?"

"कोणाचा?"

"आंधळीला हिरीकडं धाडलान त्याचा. देव आला, म्हातारी वाचली. तो मेला खंय गेला?"

आत्मारामनं गावाकडे पाहिलं. "गोष्टीत ता नाय, वैनी."

"मी सांगतंय. तो देवळाच्या ओट्यावर बसून गोष्टी सांगतो." तिनं आंबे त्याच्या पुढ्यात ठेवले. "खा. तुमच्याच झाडाचं हत."

त्यानं खाल्ला नाही. शेजारच्या काशीनं एक उचलून चावा घेतला, तोंड वाकडं केलं आणि तिथंच थुंकली. सात वर्षं माना डोलवणारं गाव त्या दिवशी एकदम शहाणं झालं. त्या पावसाळ्यात गावानं आपल्या कुंड्या आत्मारामच्या अंगणात आणून ठेवल्या आणि दसऱ्याला कलमं नेताना त्याच्या तोंडावर पानं चुरगळून हुंगली. गोदासाठी नव्हे, स्वतःसाठी. असल्या शहाणपणाचीही गोदाला किळसच आली.

ती मात्र अक्षय्य तृतीयेनंतर लगेच आपल्या रायवळाच्या कैऱ्यांच्या फोडी वाळवून आंबोशी विकू लागली होती आणि त्याच साली जून लागताच राजापूरला एका अनोळखी बागवाल्याकडे गेली. विठू त्याचं नाव. त्यानं सहा कलमं पुढ्यात ठेवली. गोदानं त्याच्या डोळ्यांत बघून पान तोडलं आणि चुरगळलं. भांडायची तयारी करूनच ती आली होती.

विठूनं कोयत्याची धार बघता बघता म्हटलं, "वरचा नको बाय, कवळा हाय. खालचा घ्या, वास बरा येतो. सगळ्यांचा बघा."

गोदानं सहाही कलमांची पानं हुंगली. वास येत होता. नाक तर पहिल्यापासून चांगलंच होतं. मग ती त्या परक्या माणसाच्या पायरीवर बसली आणि सात वर्षांत पहिल्यांदा रडली.