गच्चीवरचं सोलर आणि आत्याच्या कुरडया

माझा धंदा लग्नात जनरेटर भाड्यानं देण्याचा. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत घर आहे आणि घराखालीच गोडाऊन. लग्नाच्या दिवसांत जिकडे बँड वाजतो तिकडे मंडपामागे माझा एखादा जनरेटर धडधडत असतो. त्याच्या शेजारून गेलेल्या माणसाच्या सदऱ्याला डिझेलचा वास घरी जाईपर्यंत सोडत नाही. मला अपराधी वाटायला फार कारण लागत नाही. पंगतीत कुणी खोकललं तरी मी आधी जनरेटरकडे पाहतो. पन्नाशी जवळ आल्यावर मी गल्लीत घरच्या सोलरचा आणि जुन्या गाड्यांना बॅटरी बसवून घेण्याचा प्रचार सुरू केला. त्यामागे पर्यावरणाची काळजी होतीच, पण निम्मं तरी पापक्षालन होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

प्रचारात पहिलं यश मिळालं ते समोरच्या चाचांकडून. चाचांचा जुना लोडिंग ऑटो आहे. बाजारातून कांदे, बटाटे, संत्र्यांचे क्रेट, जे मिळेल ते वाहतात. इंजिन पार थकलं होतं. मी त्यांना सांगितलं, नवी गाडी घेऊ नका, हिचंच इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवू.

"इंजन काढून टाकाचं?" चाचा म्हणाले. "मंग आवाज?"

"आवाजच नाही."

"अरे वा! मंग बाजारात लोकायले कसं समजन का चाचा आला?"

"हॉर्न आहे ना, चाचा."

"हॉर्न तं सारेच वाजवतात, भाऊ."

तरीही त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मान्यता असलेलं किट आणलं, आरटीओत नोंद करून घेतली, आणि गाडी घरी आली त्या दिवसापासून मला झोप लागेना. बॅटरीनं रस्त्यात दगा दिला तर? चाचांचा धंदा बुडाला तर? रोज सकाळी मी दारात उभा राहून त्यांची गाडी निघते का ते पाहायचो. ती निघायची. मग एकदा चाचाच माझ्याकडे आले. पहिले गाडी बंद केल्यावरही हात थरथरत राहायचे, म्हणाले. "आता वरनाची वाटी तोंडापर्यंत सांडत नायी जात. तुमची चाची म्हनते, ऑटोची नायी, तुमचीच मोटर बदलली."

हे ऐकून मी इतका फुगलो की पुढची चूक मला दिसलीच नाही.

माघात माझी बायको अकोटला माहेरी गेली. तिच्या भाचीचा साखरपुडा होता. मेहुण्याची बायको, म्हणजे त्या मुलीची आई, काही वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून त्या मुलीच्या केसांना तेल लावण्यापासून कॉलेजच्या ॲडमिशनपर्यंत जमेल ते सगळं माझ्या बायकोनं, म्हणजे तिच्या आत्यानं केलेलं. साखरपुड्यात तिनं चारचौघांत शब्द दिला, "पोरीचं रुखवत मी करतो. कुरडया, पापड, सांडगे, सारं माह्या घरून येईन."

ती तिकडे हा शब्द देत होती तेव्हा मी इकडे गच्चीवर सोलर बसवून घेत होतो. तिला चकित करायचं होतं. फिटरनं विचारलं होतं, "गच्ची वापरता का?" मी म्हणालो, "नाही, मोकळीच असते." मी उन्हाळ्यात दुपारी कधी वर गेलोच नव्हतो. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत सगळी गच्ची पॅनेलांनी भरली. कमरेएवढ्या उंचीवर निळ्या काचांच्या रांगा. मला तर ते शेतासारखं दिसलं.

ती आली, पिशवी खाली ठेवून माझ्या मागे जिना चढली, आणि दारातच थांबली.

"वाळवन कुठं घालू?"

मी टाकीपासून कठड्यापर्यंत नजर फिरवली. मोकळी फरशी कुठेच नव्हती.

"सांगा ना. तुमच्या डोक्यावर घालू?"

पुढचे चार दिवस ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त गहू निवडत बसायची. शेजारच्या काकूंनी आपली गच्ची देऊ केली, पण ती म्हणाली, "लोकाच्या गच्चीवर केलेलं रुखवत आत्याचं कसं म्हनाव?" आमच्याकडे कुरडया करणं हे एका बाईचं काम नाही. चैत्रात आधी एकीच्या घरी, मग दुसरीच्या, अशी गल्लीतल्या बायांची पाळी असते, आणि आमची गच्ची सगळ्यांत मोकळी म्हणून सुरुवात आमच्याकडून होते. ते सगळं मी स्क्रू मारून बंद करून टाकलं होतं.

त्यातच माझी सभा ठरलेली होती. ती माहेरी गेल्या दिवशीच मी गल्लीत सांगून ठेवलं होतं, की माझं सोलर लागलं की सगळ्यांनी बघायला यायचं. रद्द करायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी माणसं आली, बायाही आल्या. मी युनिटं समजावत होतो, मोबाइलवर आलेख दाखवत होतो. माणसं माना डोलावत होती. बाया पॅनेलांच्या रांगांमधून वाट काढत कठड्यापर्यंत गेल्या आणि तिथून परतल्या.

"का हो भाऊजी," कोपऱ्यावरची वहिनी म्हणाली, "सूर्य तुमी एकट्याच्या नावावर करून घेतला का?"

"आता पापड वाळवाले राजकमल चौकात जा लागते," दुसरी म्हणाली.

"नायी तं काय, चौकातल्या पोलिसाले सांगू, बावा जरा कावळे हाकल."

सगळी गच्ची हसली. माणसांनीही हसून घेतलं आणि मग एकेकजण जिन्याकडे सरकला. "बघू, घरी विचारून सांगतो," हे उत्तर मी त्या संध्याकाळी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मीच त्यांच्याआधी मान हलवायला लागलो.

तेवढ्यात बायको बोलली. चार दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यानं.

"त्यायचं चुकलं, हे मले मालूम हाये. पन तुमी काहून हसून राहिल्या? जो पहिले करते त्याचंच चुकते. तुमच्या नवऱ्यायनं काही केलंच नायी, मंग चुकन कसं?"

बाया पदर सावरत जिन्याकडे निघाल्या. मला तिच्याकडे बघवेना. सगळं काढून टाकायचं मी तिथेच मनात ठरवलं, आणि बाया गेल्यावर तिला तसं सांगितलंही.

"काढू नका," ती म्हणाली. "उचला."

सकाळी ती कपडे वाळत घालायची लांब काठी घेऊन वर गेली. मला पॅनेलाच्या कडेशी उभं केलं, माझ्या हातात काठी दिली आणि म्हणाली, "हात वर करा. अजून. हां, इतकं. याच्या खालून मले डोक्यावर पातेलं घेऊन जाता आलं पाहिजे." मग खडूनं जमिनीवर रेघ मारली. रेघेच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला उंच मांडव, त्यावर मधे वाट न सोडता सगळी पॅनेलं. रेघेच्या पलीकडची गच्ची मोकळी.

"पण खाली सावली पडेल ना?" मी विचारलं.

"पडू द्या. चीक हाटाले, सोऱ्या दाबाले सावलीच पाहिजे. उन्ह कुरडईले पाहिजे, बाईले नायी."

इतकी वर्षं या बाया उन्हाच्या आत उरकायचं म्हणून पहाटे उठून पळापळ करत, आणि सूर्य डोक्यावर आला की अर्धा चीक तसाच टाकून खाली येत. हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळत होतं. मंडप घालणाऱ्या माणसांबरोबर मी जन्म काढला, आणि माझ्याच गच्चीवर मांडव हवा आहे हे मला दिसलं नाही.

फिटर आधी तयार नव्हता. एवढ्या उंचीवर वैशाखातलं वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटलं तर पॅनेल शेजारच्याच्या अंगणात जाईल, म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मग जाड खांब घेतले, ते स्लॅबच्या बीमवर पक्के केले, तिरपे आधार दिले. काम लांबत चाललं आणि चैत्र जवळ येत चालला. गहू भिजत घालायचा दिवस बायकोनं ठरवून टाकला होता आणि तो पुढे ढकलायला ती तयार नव्हती. वेल्डिंगच्या ठिणग्या वर उडत होत्या तेव्हा खाली घमेल्यात गव्हाचं पाणी बदलणं चाललं होतं. शेवटचं पॅनेल वर चढलं त्या संध्याकाळी तिनं चीक गाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बाया आल्या. थट्टा करणाऱ्या वहिनीही आल्या. कुरडईला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. त्या वर चढल्या, मान वर करून पॅनेलांच्या खालच्या पांढऱ्या पाठी पाहिल्या, हात उंचावून बघितलं. मग बसायला सावलीत बस्करं अंथरली. शेगडीवर मोठं पातेलं चढलं. दोघी-दोघी मिळून चीक हाटू लागल्या, सोऱ्या भरू लागल्या, आणि रेघेपलीकडच्या उन्हात जुन्या साड्यांवर पांढऱ्या कुरडयांची गोल गोल चाकं उमटत गेली.

नऊ वाजले, दहा वाजले. मी खालून ऐकत होतो. दरवर्षी या वेळेला जिन्यावरून धापा टाकत उतरणाऱ्या पावलांचा आवाज यायचा. आज वरून हसण्याचा आवाज येत होता. दुपार कलली तरी कुणी उतरलं नाही. मी भीत भीत वर गेलो.

"भाऊजी," कोपऱ्यावरची वहिनी घाम पुसत म्हणाली, "हवेशीर सावलीत बसवलं तुमी आमाले. असं आधीच काहून नायी केलं?"

"चूक झाली, वहिनी."

"चूक झाली तं झाली. आता आमच्या घरच्याले हेच सांगा. पन काठी आनजा मापाले."

बायकोनं मला वाटीत गरम चीक दिला. वर दूध-साखर. मी तिथेच खांबाला टेकून उभ्याउभ्या खाल्ला. डोक्यावर पॅनेलांना खालून वारा मिळत होता, त्यामुळे मोबाइलवरचा आलेख पहिल्यापेक्षा वर चढला होता. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

कुरडया झाल्या, कडकडीत वाळल्या, डब्यांत भरल्या. आता त्या अकोटला न्यायच्या होत्या आणि खरी भीती तिथे होती. कारण माझ्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात याच चाचांच्या ऑटोतून आम्ही रुखवत नेलं होतं, आणि इंजिनाच्या थरथरीनं डब्यात चुरा झाला होता. वरपक्षातल्या एका आजीबाईंनी डबा हलवून विचारलं होतं, "कुरडया धाडल्या का रवा?" ते बोलणं बायको अजून विसरलेली नाही.

"चाचा, तुमचा ऑटो अकोटपर्यंत जाईल?" मी विचारलं.

"एका दमात नायी जानार. दर्यापूरले जेवू घाला मले, अन् गाडीलेही. मंग जाईन."

दर्यापूरला माझ्या साडूंचं घर आहे. ठरलं. मी आणि बायको चाचांच्या शेजारी दाटीवाटीनं बसलो, मागे रुखवत. मी सगळा रस्ता बॅटरीच्या काट्याकडे बघत होतो. बायको मागे कान देऊन बसली होती. खड्डा आला की ती डोळे मिटायची. दर्यापूरला गाडी चार्जिंगला लावून जेवलो, आणि साडूंच्या दारात बघ्यांची गर्दी झाली. चाचांनी त्यांना एवढं समजावलं की माझी सभा त्यापुढे काहीच नव्हती. "आवाज नायी, धूर नायी," ते म्हणत होते, "अन् नवऱ्याचे हात थरथरत नायी. घरच्या बाईले विचारा, ते काय म्हनते!" संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही अकोटला मेहुण्यांच्या दारात उभे होतो.

डबे उतरवले. भाची धावत आली. बायकोनं पहिल्या डब्याचं झाकण उघडलं आणि क्षणभर तिनं आत बघितलंच नाही. भाचीनं बघितलं.

"आत्या, एकही मोडली नायी गं!"

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर कुरडयांचा मनोरा उभा राहिला, वरच्या बाजूला निमुळता होत गेलेला. त्याच्या पुढून वरपक्षाच्या बाया सरकत होत्या, पदराआडून बोलत होत्या. एकीनं विचारलं, इतक्या पांढऱ्या कशा? बायको म्हणाली, "आमच्या सोलरखाली केल्या." आणि पुढच्या बाईला, तिनं विचारलं नव्हतं तरी, पुन्हा तेच सांगितलं. मांडवाच्या खांबाशी उभा राहून मी ते ऐकत होतो. तिच्या आवाजातली ऐट मला लग्नाच्या बँडपेक्षा मोठी वाटली.

उरलेल्या कुरडया तळून पंगतीत वाढल्या. मी पाटावर बसलो, पहिला घास घेतला आणि शेजारी नवरदेवाचा मामा जोरात खोकलला. सवयीनं मी मंडपामागच्या जनरेटरकडे वळून पाहिलं. तो माझा नव्हताच, आणि बंदही होता.

"काही नायी, काही नायी," मामा पाणी पीत म्हणाला, "कुरडई घशात अडकली. अजून एक वाढा."