येतो वं, जातो वं

माझ्या बाबांचं आयुष्यात एकच गाणं गाजलं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी, संध्याकाळी कॉलनीतला ऑर्केस्ट्रा आणि त्यातून निघालेली एक कॅसेट. तिच्यातली बाकीची गाणी कुणी फुकटही ऐकली नसती. हे मात्र चाललं: ‘येतो वं सखे, दार लोटून ठेव.’ सखी म्हणजे आपणच, असा आईचा समज. बाबांनी तो कधी मोडला नाही. कामावर निघताना ते तीच ओळ म्हणायचे.

पुढे ते गाणं बँडवाल्यांनी वरातीत वाजवलं, दुसऱ्या ऑर्केस्ट्राने उचललं, डीजेने त्याचे हालहाल केले. पण ‘येतो’ला कुणी हात लावला नाही. मग अलीकडे एका पोराने ते संथ करून रील्सवर टाकलं आणि प्रेमभंग जास्त खपतो म्हणून ओळच फिरवली: ‘जातो वं सखे, दार लावून घे.’ आम्ही आता राहतो त्या अख्ख्या हुडकेश्वरात तेच वाजायला लागलं. किराणा दुकानात, ऑटोत, शेजारणीच्या फोनवर.

आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा भाजी निवडणारा हात थांबला. “काहून असं अभद्र गाऊन राह्यला हा?”

“गाणं हाय ते,” बाबा हसले. मीही हसले. निघताना ‘जातो’ म्हणू नये, ही मला आईची खुळी समजूत वाटायची. आता तो शब्द आला की मीच गाणं बंद करते.

कारण बाबा तेव्हाच विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग आपली गल्ली. एकदा पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून त्यांनी आपलं गाणं म्हटलं, अगदी सुरात, आणि म्हणाले ‘जातो’. मी सुधारायला गेले.

“जातोच हाय,” ते चिडले. “मले शिकवतं का वं?”

तेव्हापासून आई त्यांना एकटं सोडत नाही.

मागच्या आठवड्यात भर दुपारी त्यांनी चपला घातल्या. “जातो वं.”

“येतो म्हणा,” आई म्हणाली.

“दार लावून घे,” म्हणून ते निघालेसुद्धा.

मी मागे धावले. कोपऱ्यावर ते कुठे वळावं या विचारात उभे होते. मी हात धरला, तर मुकाट्याने परत आले. आईने दार लोटूनच ठेवलं होतं. बाबा उंबऱ्याबाहेर थांबले, चपला काढल्या आणि तिच्याकडे पाहत अदबीने विचारलं, “येऊ का जी, बाई?”

आई म्हणाली, “या.”