दोन मापांच्या बांगड्या
कपाशीवर फवारणी सुरू झाली की त्या उग्र वासाबरोबर मला शिरूर कासारच्या बाजारातलं बांगड्यांचं दुकान आठवतं. माझ्या डाव्या हाताला जन्मापासून अंगठा नाही. तेव्हा मी पाचवीत होते. कासारीण म्हणाली, "ह्या हातातनं बांगडी गळून पडंल, एकाच हातात भरू." मी तो हात आईच्या पदराखाली लपवला. आईनं हळूच बाहेर काढला. "ह्यात लहान मापाच्या भरा. ही पोटात व्हती तवा फवारणीचं औषध म्या हातानंच कालवलं. कुनी सांगितलंच न्हाई." बांगड्या अलगद बसल्या. कासारीण आईला म्हणाली, "आता तुमचा हात आना." "माजं ऱ्हाऊ द्या," म्हणत आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. यंदा तिला त्याच दुकानात नेलं, आणि ते हात मी हळूच बाहेर काढले.