पन्नाशीचं कच्चं लिंबू

भावना माह्या नवऱ्याची भाची. बाळापूरची पोट्टी, अकोल्याले आमच्या घरी राहून कॉम्प्युटर शिकली. मी मशीनवर ब्लाऊज शिवते, अन् बाजूले बसून ती मोबाइलचे गेम बनवते. दोघींची खटखट दिवसभर चालू.

अमरावतीच्या एका लहान कंपनीनं तिले बोलावलं. नवीन पोरंपोरी घेऊन राहिले होते. पण डिझाइन पाहिजे का प्रोग्रामिंग, ते तुमीच सांगा म्हणे. हिचं जेवणात लक्ष लागेना.

मी म्हटलं, "त्यात इचार काय कराचा? डिझाइन घे! मागचा गळा, पफची बाही, सारं शिकवीन तुले."

पोट्टी हासता हासता रडकुंडीले आली. "मामी, गेमचं डिझाइन म्हंजे नियम वं. कोण कवा हारते, पुन्हा चान्स कवा भेटते, मजा कुठं येते, ते ठरवाचं. प्रोग्रामिंग म्हंजे ते कॉम्प्युटरकडून करून घ्याचं."

"मंग तुले काय आवडते?"

"नियम. पण सारे म्हणतात प्रोग्रामिंग घे, त्याले मरण नाई. अन् एकदा चुकीचं निवडलं तं जिंदगीभर तेच करत बसा."

माहं डोकंच सरकलं. "नोकरी हाय का लगन?" म्हटलं. पण मनातून मीबी भ्याली होती. पोट्टी हुशार, पण घाबरली का दातखीळ बसते तिची. म्हून मी संगं गेली.

हर्षा मॅडम तिथली मुख्य, पण दिसाले पोरगेलीच. भावनाचा पकडापकडीचा गेम तिनं उघडला अन् मोबाइल डायरेक्ट माह्या हातात देला. "काकू, तुम्ही खेळा."

खेळली, हारली. पुन्हा खेळली, पुन्हा हारली. मंग मी मोबाइल टेबलावर आपटलाच. "आग लागो याले! खेळ हाय का सासुरवास?"

मॅडम हासली. भावना नाई हासली, माह्या तोंडाकडेच पाहत होती. "मामी, राग नेमका कवा आला?"

"घुसल्या घुसल्या धरलं तवा! पळाचं कुठं तेच समजलं नोतं अजून."

"म्हंजे तू कच्चं लिंबू."

बाप्पा! पन्नाशीच्या बाईले कच्चं लिंबू म्हणते! पण गल्लीत लहान लेकराले खेळात घेतात अन् पकडलं तरी बाद करत नाईत, तसं हिनं तिथंच लॅपटॉपवर खटखट करून माह्यासाठी केलं. मोबाइल परत माह्या हाती. आता मले पकडत होते, पण खेळ संपत नोता. हळूहळू वाटा समजल्या. जितली तवा मी टाळी वाजवली, खोटं काहून सांगू!

मॅडम म्हणाली, "कोड तर तुला येतोच. मग काय घेतेस?"

झालं, बसली दातखीळ. मले वाटलं, गेली नोकरी हातची.

"डिझाइन," ती कशीबशी बोलली. "पण मॅडम, नाई जमलं तं?"

मॅडमच्या आधी मीच बोलली. "नाई जमलं तं दुसरं करशीन! तूबी सध्या कच्चं लिंबूच हायेस. पकडलं तरी बाद नाई."

"काकू बरोबर बोलल्या," मॅडम म्हणाली. "इथं पहिल्या वर्षी कुणी बाद होत नाही. सोमवारी ये."

एसटीत पोट्टी आधी रडली, मंग हासली. मले लय बरं वाटलं. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणे, "मामी, पुढच्या लेव्हलले तुले बाद करीन."

"कर," म्हटलं. "आता मले पळता येते."